दीड तासातली साडेबावीस वर्षं

१३ जुलै १९९७. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. फेडरेशन कपची उपांत्य लढत, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. त्या दिवशीच्या प्रेक्षकांची नोंदलेली संख्या आहे १,३१,७८१.

लाखाच्या पुढची गर्दी डोळ्यांसमोर आणता येत नाही, म्हणून हा आकडा जरा फोडून पाहू. वानखेडे स्टेडियम काठोकाठ भरलं की साधारण ३३ हजार माणसं मावतात. म्हणजे चार वानखेडे, एकाच वेळी, एकाच मैदानाभोवती. या माणसांना प्रत्येकी अर्धा मीटर जागा देऊन एकामागे एक उभं केलं, तर रांग ६५ किलोमीटरच्या पुढे जाते. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटरवर आहे. रांगेतली शेवटची अकरा-बारा हजार माणसं विरार ओलांडून वैतरणेच्या दिशेनं उभी असतील.

आता वेळेचा हिशेब. मध्यंतर सोडून प्रत्येकानं ९० मिनिटं सामना पाहिला असं धरू. सगळ्यांची मिळून होतात १ कोटी १८ लाख ६० हजार मिनिटं. तासांत सांगायचं तर जवळपास १ लाख ९८ हजार तास, आणि त्यांची वर्षं केली तर साडेबावीस. त्या सामन्यात तीन गोल करून ईस्ट बंगालला ४-१ असं जिंकून देणारा सिक्कीमचा बायचुंग भुतिया तेव्हा होता २० वर्षं आणि सात महिन्यांचा. एका दुपारी लोकांनी मिळून त्याच्याकडे जेवढा वेळ पाहिलं, तेवढं त्याचं वयसुद्धा नव्हतं!

या गर्दीमागे दोन प्रशिक्षकांचं भांडण होतं. मोहन बागानचे अमल दत्त मधल्या फळीतले चौघे हिऱ्याच्या आकारात उभे करत. त्या मोसमात 'डायमंड' हा शब्द कोलकात्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी होता आणि मोहन बागान सुसाट सुटला होता. सामन्याआधी दत्तांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंना जाहीरपणे टोपणनावं ठेवून डिवचलं, त्यात भुतियाही होता. समोर ईस्ट बंगालकडे होते पी. के. बॅनर्जी. सामन्याआधी खेळाडूंशी बोलून त्यांना पेटवण्याची त्यांची हातोटी एवढी प्रसिद्ध होती की वर्तमानपत्रांनी तिला 'व्होकल टॉनिक' असं नावच दिलं होतं. दत्तांच्या शेऱ्यांनी पीकेंचं निम्मं काम आधीच करून ठेवलं असणार, असं मला वाटतं. नाझिमुल हकनं पहिला गोल केला, नंतरचे तिन्ही भुतियाचे. मोहन बागानचा एकमेव गोल चिमा ओकोरीचा, आणि हा नायजेरियन चिमा एके काळी ईस्ट बंगालच्याच गॅलरीचा लाडका होता.

त्या स्पर्धेचं पुढे काय झालं? ईस्ट बंगाल अंतिम सामन्यात हरला. चषक गेला गोव्याच्या साळगावकर क्लबकडे. गोव्यातल्या फुटबॉलवेड्या घरांत तो विजय आजही अभिमानानं सांगितला जातो, सांगायलाच हवा. पण कोलकात्यात १९९७ म्हटलं की कुणी अंतिम सामन्याचं नाव काढत नाही. फेडरेशन कप हातचा गेला आणि तरीही ते वर्ष ईस्ट बंगालच्या पाठीराख्यांच्या मनात जिंकल्याचं वर्ष म्हणूनच राहिलं. चषकांच्या यादीवरून क्लबचा इतिहास लिहिता येतो, पाठीराख्यांची आठवण मात्र त्या यादीत सापडत नाही. ती कशी मोजायची, हा प्रश्न मला फार मोठा वाटतो, आणि त्यासाठी १९९७ हून बरंच मागे जावं लागतं.

मोहन बागानची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी आयएफए शील्ड या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात या क्लबनं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असं हरवलं. पहिला गोल पलटणीच्या जॅक्सननं केला. कर्णधार शिवदास भादुडीनं बरोबरी साधली आणि अभिलाष घोषनं विजयाचा गोल केला. मोहन बागानच्या अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले. बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जींच्या पायांत. हे सगळं अनेकांना ठाऊक असतं. मला कुतूहल आहे ते प्रेक्षकांचं.

त्या दिवशी मैदानावर साठ हजारांच्या आसपास लोक होते असा अंदाज दिला जातो, काही जण तो ऐंशी हजारांपर्यंत नेतात. कमीतला धरू. तेव्हाच्या कोलकात्याची वस्ती होती नऊ-दहा लाखांची. आसाम, बिहार आणि पूर्व बंगालमधूनही माणसं आली होती, त्यांच्यासाठी जादा रेल्वे आणि जादा स्टीमर सोडाव्या लागल्या. दोन रुपयांचं तिकीट पंधरा रुपयांना विकलं गेलं असं सांगतात. आणि स्टेडियम? ते नव्हतंच. क्लबच्या सभासदांसाठी बसायची थोडी सोय, बाकी सगळं मोकळं मैदान.

फुटबॉलच्या मैदानाचा घेर साधारण ३४५ मीटर असतो. माणशी अर्धा मीटर धरला तर कडेच्या पहिल्या रांगेत सातशेहून कमी लोक मावतात. मागची प्रत्येक रांग थोडी थोडी लांब होत जाते, हे जमेस धरूनही साठ हजार माणसांच्या साठाच्या वर रांगा होतात. जमीन सपाट. पहिल्या चार-पाच रांगांना खेळ दिसला असेल. दहाव्या रांगेतल्या माणसाला समोरच्या डोक्यांमधल्या फटीतून अधूनमधून चेंडू दिसला असेल. झाडावर चढलेले, खोक्यांवर उभे राहिलेले काही थोडे नशीबवान. चाळिसाव्या रांगेतल्या माणसाला काय दिसलं असेल? काहीच नाही. त्यांच्यासाठी आकाशात पतंग उडवून गोलसंख्या कळवली जात होती, अशी हकीकत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते.

म्हणजे भारतीय फुटबॉलमधला सगळ्यात गाजलेला सामना, मैदानावर हजर असलेल्यांपैकी बहुतेकांनी पाहिलाच नाही. त्यांनी तो ऐकला. पुढच्या रांगेतून आरोळी उठली, ती मागे मागे येत गेली, आणि शेवटच्या रांगेला कळलं की गोल झाला. तरीही घरी जाऊन प्रत्येकानं सांगितलं असणार, मी होतो तिथे! आणि ते खरंच होतं. शिवदास भादुडीला धड न पाहिलेल्या हजारो माणसांचा शिवदास हा आयुष्यभराचा आवडता खेळाडू झाला. पुढे ही शील्ड मोहन बागानला पुन्हा जिंकता आली ती थेट १९४७ मध्ये. मधल्या ३६ वर्षांत एक अख्खी पिढी म्हातारी झाली, पण आठवण टिकली. २९ जुलै हा दिवस क्लब आजही 'मोहन बागान दिवस' म्हणून साजरा करतो.

ईस्ट बंगाल जन्मला १ ऑगस्ट १९२० रोजी, एका रुसव्यातून. मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबनं पूर्व बंगालच्या एका खेळाडूला संघाबाहेर ठेवलं, त्या रागात क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी बाहेर पडले आणि नवा क्लब निघाला. तेव्हा पूर्व बंगाल हा फक्त एक प्रदेश होता. २७ वर्षांनी फाळणी झाली आणि त्या नावाचा अर्थ 'गमावलेलं घर' असा झाला. १९५१ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमध्ये पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांची संख्या सुमारे २१ लाख भरली. सियालदह स्टेशनच्या फलाटावर, छावण्यांत, बळकावलेल्या मोकळ्या जागांवर उभारलेल्या वसाहतींत ही माणसं राहत होती. गावाचं नाव सांगून उपयोग नव्हता, ते गाव आता दुसऱ्या देशात होतं. क्लबच्या नावात मात्र ते जसंच्या तसं शिल्लक होतं.

आणि नेमक्या त्याच काळात ईस्ट बंगालला त्याची सर्वांत देखणी आघाडीची फळी मिळाली. अहमद खान, अप्पाराव, सालेह, वेंकटेश, धनराज. लोक त्यांना 'पंचपांडव' म्हणत. १९४९ साली या संघानं कोलकात्याची लीग, आयएफए शील्ड आणि मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स कप अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या, आणि तेव्हापासून शील्ड सलग तीन वर्षं स्वतःकडे ठेवली. रोव्हर्स कप आता बंद पडला आहे, पण कूपरेजच्या बाकांवर बसून कोलकात्याचे क्लब पाहिलेली मुंबईकरांची जुनी पिढी अजून सापडते.

या पाच नावांकडे पुन्हा पाहा. एकही बंगाली नाही. पाचही दक्षिणेतले. घरदार गमावलेल्या, भाषेला जिवापाड जपणाऱ्या २१ लाख माणसांनी देव्हाऱ्यात कुणाला बसवलं, तर बंगाली नीट बोलता न येणाऱ्या पाच परप्रांतीयांना. पलीकडच्या बाजूला तर याहून नवल. मोहन बागान हा मूळच्या पश्चिम बंगालच्या लोकांचा, म्हणजे 'घोटीं'चा क्लब मानला जातो. त्याचा पहिला महानायक गोष्ठ पाल, ज्याला लोक 'चीनची भिंत' म्हणत आणि ज्याचा पुतळा आज कोलकात्याच्या मैदान भागात उभा आहे, तो जन्मला फरीदपूर जिल्ह्यात, पूर्व बंगालमध्ये. दुसरा महानायक चुनी गोस्वामी, जन्म किशोरगंजचा, तेही पूर्व बंगालच. चुनीनं १९५४ ते १९६८ अशी आपली सगळी कारकीर्द मोहन बागानला दिली, १९६२ मध्ये जकार्तात भारताला आशियाई सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या संघाचं नेतृत्व केलं आणि नंतर बंगालच्या क्रिकेट संघाला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. १९७१-७२ च्या त्या सामन्यात समोर मुंबई होती आणि मुंबई जिंकली.

घोटी कोण आणि पूर्वेकडचा 'बांगाल' कोण, यावर कोलकात्यात घराघरांत वाद होतात. मोहन बागान जिंकला की कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकला की इलिश मासा, असा बाजारच ठरलेला आहे. पण आवडता खेळाडू निवडताना हे सगळं वंशशास्त्र कोलकात्याचा माणूस बिनदिक्कत विसरतो, आणि त्याचा मोठेपणा मला इथेच दिसतो. जन्माचा दाखला कुणी मागत नाही. अंगातली जर्सी पाहतात.

आणखी एक आकडा लहान आहे. सोळा. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या लीग सामन्यात मैदानावर खेळाडूंमध्ये खटका उडाला, गॅलरीत मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली. सोळा पाठीराखे घरी परतले नाहीत. दोन्ही क्लबांचे पाठीराखे एकमेकांत मिसळून बसले होते, आणि बाहेर पडायच्या वाटा अरुंद होत्या. दरवर्षी १६ ऑगस्टला कोलकात्यात 'फुटबॉलप्रेमी दिवस' पाळला जातो, रक्तदान शिबिरं होतात. १,३१,७८१ आणि १६ हे दोन्ही आकडे एकाच प्रेमातून आले आहेत, आणि मोठ्या आकड्याचं कौतुक करताना लहान आकडा वगळणं हा त्या सोळा जणांवर अन्याय होईल.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, त्या तारखेनंतर दोनच दिवसांनी, १८ ऑगस्टला ड्युरंड कपमध्ये हे दोन संघ भेटणार होते. आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवरच्या अत्याचार आणि हत्येनं शहर संतापलं होतं आणि सामना रद्द झाला. गॅलरी बंद झाली म्हणून माणसं घरी बसली नाहीत. दोन्ही क्लबांचे, आणि कोलकात्याच्याच मोहम्मेडन स्पोर्टिंग क्लबचेसुद्धा, पाठीराखे त्या संध्याकाळी आपापल्या जर्सी घालून स्टेडियमबाहेर जमले आणि त्यांनी एकत्र न्याय मागितला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तेव्हाही ते एकत्रच होते.

आवडत्या खेळाडूंच्या हिशेबात वेळ कसा विचित्र वागतो, त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे माजिद बिश्कर. इराणचा हा मुलगा अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकायला आला आणि १९८० मध्ये ईस्ट बंगालकडून खेळू लागला, सोबतीला जमशेद नासिरी. माजिदनं ईस्ट बंगालची जर्सी घातली ती दोन मोसम. मग तो मोहम्मेडनकडे गेला, खेळ हळूहळू उतरला, आणि तो इराणला परतला. २०१९ मध्ये क्लबच्या शताब्दी सोहळ्यासाठी त्याला बोलावलं, तेव्हा कोलकाता विमानतळावर रात्री उशिरा शेकडो लोक त्याची वाट पाहत होते. त्यातल्या कित्येकांचा जन्म तो मैदान सोडून गेल्यानंतरचा. दोन मोसमांचा खेळ आणि साडेतीन दशकांहून मोठी वाट! त्या पोरांनी माजिदला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. वडिलांच्या, काकांच्या तोंडून ऐकलं होतं. १९११ च्या चाळिसाव्या रांगेसारखीच ही रांग, फक्त जमिनीऐवजी काळात उभी असलेली.

ब्राझीलच्या होजे रामिरेझ बरेटोचं मोहन बागानशी असंच जुळलं. १९९९ ला आला, मध्ये काही काळ इतरत्र खेळला, त्यात मुंबईचा महिंद्रा युनायटेडही होता, आणि पुन्हा परतला. २०१२ मध्ये त्यानं मोहन बागानचा निरोप घेतला तो पुणे एफसीविरुद्धच्या सामन्यात. पुण्याच्या खेळाडूंना त्या दिवशी कळलं असेल की समोरच्या गॅलरीला आज निकालाशी फारसं देणंघेणं नाही. आणि ईस्ट बंगालकडे गोव्याचा आल्विटो डिकुन्हा. २००२ मध्ये साळगावकरकडून कोलकात्याला गेला आणि तिथलाच झाला. २००३ च्या जुलैत जकार्तात ईस्ट बंगालनं आसियान क्लब कप जिंकला. अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी तेरो सासानावर ३-१ अशी मात केली, त्यातला एक गोल आल्विटोचा. त्या स्पर्धेत भुतियानं एकट्यानं नऊ गोल केले. ज्या साळगावकरनं १९९७ चा चषक कोलकात्यातून उचलून नेला, त्याच क्लबातून आलेल्या मुलाला ईस्ट बंगालनं खांद्यावर घेतलं.

'आपला' माणूस सीमारेषा ओलांडून पलीकडे गेला तर? कोलकात्यात हे सारखं घडतं. मोसमाच्या सुरुवातीला खेळाडूंची पळवापळव व्हायची, सही होईपर्यंत त्यांना लपवून ठेवायचे, हे किस्से तिथल्या फुटबॉलचा भागच आहेत. श्याम थापाचं पाहा. ३० सप्टेंबर १९७५, आयएफए शील्डचा अंतिम सामना, ईस्ट बंगाल ५, मोहन बागान ०. पाचांतले दोन गोल थापाचे, बाकीचे सुरजित सेनगुप्ता, रणजित मुखर्जी आणि शुभंकर सन्याल यांचे. प्रशिक्षक पीके. त्या रात्री संतापलेल्या पाठीराख्यांच्या भीतीनं मोहन बागानच्या काही खेळाडूंनी गंगेतल्या नावेत रात्र काढली असं सांगतात. तीनच वर्षांनी, १९७८ मध्ये, तोच थापा मोहन बागानच्या जर्सीत होता, आणि लीग सामन्यात ईस्ट बंगालविरुद्ध त्यानं हवेत उलटा होऊन मारलेली सायकल किक आजही मोहन बागानच्या सर्वांत सुंदर गोलांत धरली जाते. एका माणसानं दोन्ही गॅलऱ्यांना आयुष्यभर पुरेल एवढी आठवण दिली.

पीकेसुद्धा १९७६ मध्ये मोहन बागानकडे गेले. त्या वर्षी २४ जुलैच्या लीग सामन्यात हैदराबादच्या मोहम्मद अकबरनं १७ व्या सेकंदाला ईस्ट बंगालवर गोल केला. गॅलरीत अर्धी माणसं अजून जागा शोधत असतील. तोच सामन्यातला एकमेव गोल ठरला. ईस्ट बंगालनं १९७० पासून सलग सहा वर्षं लीग जिंकली होती, त्या वर्षी ती मोहन बागाननं घेतली. पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९७७ ला, ईडनवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉसशी मोहन बागाननं २-२ अशी बरोबरी केली. एक गोल थापाचा, दुसरा अकबरचा भाऊ हबीबचा. एवढं सगळं मिळालं, पण त्या पाच गोलांचा सल गेला नाही. लीग जिंकून जात नाही, पेलेला रोखूनही जात नाही, कारण पाच गोलांची भरपाई पाच गोलांनीच होते.

ती संधी आली ३४ वर्षांनी. २५ ऑक्टोबर २००९, सॉल्ट लेक, आय-लीग. मोहन बागानचे पाच गोल झाले, त्यातले चार एकट्या नायजेरियाच्या चिडी एडेचे. (तोही पुढे ईस्ट बंगालकडून खेळला.) पंच्याहत्तर साली तरुण असलेली माणसं तोवर साठीकडे झुकली होती. त्यांच्यासाठी तो आकडा वाचणं म्हणजे काय असेल, याची कल्पना मी करू शकतो. हिशेब फिटला, असं मोहन बागानच्या पाठीराख्यांचं ठाम मत आहे.

ईस्ट बंगालच्या पाठीराख्यांना ते मान्य नाही. २००९ चा निकाल ५-३ होता, ५-० नव्हे. त्यांच्या वहीत तीन गोल अजून येणे आहेत.